मधले सहा आठवडे : रग्बी आणि क्रिकेट दोन्ही खेळताना

मी साधारण चौदा वर्षं रग्बी आणि क्रिकेट दोन्ही खेळलो. रग्बीत फुलबॅक, म्हणजे १५ नंबरची जर्सी, सगळ्यात मागे उभा राहणारा, आणि क्रिकेटमध्ये मीडियम फास्ट बोलर, बॅटिंगला सात किंवा आठ नंबरवर. हे कळलं की लोक विचारतात, जास्त आवडतं कुठलं, आणि मग विचारतात की वेळ कसा काढायचास. वेळेचं खरंच एवढं काही नव्हतं, सीझन वेगळे असायचे, एक संपला की दुसरा. जड जायचे ते मधले सहा आठवडे. एका खेळातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरायचे दिवस. त्याबद्दल आजवर मला कुणी विचारलेलं नाही, पण माझं जे काही बनलं आणि जे बिघडलं त्यातलं बहुतेक सगळं त्या दिवसांमधलं आहे, म्हणून तेच लिहितोय.

क्रिकेट लहानपणापासून होतंच. रग्बी तेराव्या वर्षी आली, ती पण एका कॅचमुळे. पीटीच्या सरांनी मला मागे पळत जाऊन उंच कॅच घेताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हातात तो लांबोडका बॉल दिला, म्हणाले हा झेलून दाखव. क्रिकेटचा बॉल असतो १५६ ते १६३ ग्रॅमचा, रग्बीचा ४१० ते ४६० ग्रॅमचा, पण वजनापेक्षा त्याचा आकार फसवतो, जमिनीवर पडला की कुठे उडेल ते त्याचं त्यालाच माहीत, त्यामुळे तो पडूच द्यायचा नाही, हा फुलबॅकचा पहिला धडा. पहिले दोन आठवडे सरांनी मला पळूच दिलं नाही. फक्त गुडघ्यावर बसून टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, आणि स्वतः पडायला शिकणं. डोकं नेहमी समोरच्याच्या मागच्या बाजूला, त्याच्या पळण्याच्या वाटेत कधीच नाही, गाल त्याच्या कमरेच्या मागे घट्ट, खांदा मांडीत आणि हात मिठी मारल्यासारखे बंद. "डोकं कुठंय?" हे सर इतक्या वेळा ओरडायचे की घरी झोपेत पण ऐकू यायचं. त्या प्रश्नाकडे मी नंतर परत येणार आहे.

आता कॅचिंगचं सांगतो, कारण दोन्ही खेळांत माझं नाव झालं असेल तर ते त्यावरच. उंच बॉल पकडण्याचा अर्धा भाग दोन्हीकडे एकच आहे. बॉल हवेत गेल्या गेल्या पहिल्या सेकंदात अंदाज घ्यायचा, आधी पाय हलवायचे मग हात, उलटं पावलं टाकत मागे जायचं नाही, वळून पळायचं आणि बॉलच्या खाली आधीच पोचून थांबायचं. इथपर्यंत फुलबॅक आणि डीप मिडविकेट सेम. पण शेवटचा अर्धा सेकंद पूर्ण उलटा. रग्बीत अंगावर कोणतरी येणारच असतं म्हणून शरीर जरा तिरकं करायचं, एक गुडघा वर घेऊन उडी मारायची, कोपरं एकमेकांजवळ आणि बॉल हात-छाती मिळून जी टोपली होते तिच्यात घ्यायचा. क्रिकेटमध्ये छातीचा काही संबंध नाही, हात डोळ्यांसमोर, बोटं सैल, बॉल आला की हात मागे द्यायचे. सीझन बदलला की पहिल्या दोन आठवड्यांत माझे हात आपोआप टोपली करायला जायचे. पाच सात उंच कॅच छातीवर आदळून सुटायचे आणि बाकीच्यांना वाटायचं हा एवढा चांगला फिल्डर, याला झालंय काय. काही झालेलं नसायचं, हातांना अजून निरोप पोचलेला नसायचा एवढंच. मग मी एक पद्धत काढली, पहिला आठवडा फक्त टेनिस बॉलने कॅच, रोज शंभर, कारण टेनिस बॉल छातीवर घ्यायला गेलं की उडून जातो, हाताला लगेच समजतं. दुसऱ्या आठवड्यात सीझन बॉल. हे जुळून आल्यावर कॅच सुटणं बंद झालं.

हातांचं असं सुटलं, पण पाठीचं सुटायला खूप किंमत मोजावी लागली.

फुलबॅकला वजन लागतं. फार नाही, पण ऐंशी मिनिटं टॅकल घ्यायचे, रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या बॉलभोवती होणाऱ्या ढकलाढकलीत, उभं राहायचं तर मान, खांदे, मांड्या भरलेल्या पाहिजेत. रग्बी सीझनच्या शेवटी मी क्रिकेटच्या वजनापेक्षा पाच सहा किलोंनी जास्त असायचो. आता फास्ट बोलिंग काय असते, तर रनअप घेऊन येताना पुढचा पाय ताठ ठेवून जमिनीवर आपटायचा आणि त्या आधारावर वरचं शरीर फिरवायचं, त्या एका क्षणी पुढच्या पायावर आपल्या वजनाच्या पाच सहा पट आणि कधी त्याहून जास्त दाब येतो. म्हणजे हे पाच सहा किलो तिथे पाच सहा किलो राहत नाहीत. आणि रग्बीने मान-खांदे घट्ट झालेले, त्यामुळे फिरायला जी मोकळीक वरच्या पाठीतून यायला हवी ती येत नाही, मग ती कंबर देते. हे सगळं मला आज माहितीये. एकोणिसाव्या वर्षी काहीच माहीत नव्हतं. रग्बीची शेवटची मॅच झाली, चार दिवस आराम केला आणि पाचव्या दिवशी नेट्समध्ये जाऊन दहा ओव्हर फुल जोरात टाकल्या, कारण निवड चाचणी जवळ आली होती आणि बाकीचे बोलर महिनाभर आधीपासून टाकत होते. दम लागत नव्हता, उलट इतकं फिट वाटत होतं की थांबायचं कारणच दिसेना. तिसऱ्या आठवड्यात कमरेच्या डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताच्या बोलरला जिथे दुखतं तिथेच, मागे वाकलं की सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. मी दहा दिवस कुणाला सांगितलं नाही. मणक्याचा स्ट्रेस फ्रॅक्चर निघाला. चाचणी गेली, सीझन गेला, सहा महिने बोलिंग बंद.

फिजिओ मॅडमनी मला एक वही आणायला सांगितली. म्हणाल्या, "तुझा दम आणि तुझं हाड एकाच वेगाने तयार होत नाही. दम आधीच तयार आहे, म्हणून तो तुला फसवतो. तू बॉल मोज." तेव्हापासून मी टाकलेला प्रत्येक बॉल मोजला. पहिल्या आठवड्यात ६० बॉल, ते पण अर्ध्या जोरात आणि लागोपाठ दोन दिवस कधीच नाही, मग दर आठवड्याला तीन ओव्हर वाढवत सहाव्या आठवड्यात १५० ला पोचायचं आणि तेव्हाच पूर्ण रनअप. मधला एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात भरून काढायचा नाही, होता तिथूनच पुढे जायचं. ऐकायला साधं आहे, पण शेजारचा बोलर भन्नाट टाकतोय आणि आपण अर्ध्या जोरात ६० बॉल टाकून बूट काढतोय हे करायला फार ताकद लागते. एका क्रिकेटच्या सरांना तो माझा आळस वाटायचा, त्यांनी दोन वर्षं मला पहिल्या तीन मॅचेस बाहेर ठेवलं, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

त्या सहा महिन्यांत पडल्या पडल्या मी आपल्यासारखे दोन्ही खेळणारे कोण कोण होऊन गेले ते शोधत बसलो. जेफ विल्सन तर मला तोंडपाठ झाला. न्यूझीलंडचा. मार्च १९९३ मध्ये हॅमिल्टनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध वनडेत २८ बॉलमध्ये नाबाद ४४ करून मॅच जिंकून दिली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी टीमकडून, पहिलीच टेस्ट (रग्बीत देशांमधल्या मॅचला टेस्ट म्हणतात) मरेफील्डला स्कॉटलंडशी, त्यात तीन ट्राय, म्हणजे तीनदा बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला. पुढे रग्बीच्या ६० टेस्ट आणि ४४ ट्राय. आणि मग बारा वर्षांनी, २००५ मध्ये, परत न्यूझीलंडच्या क्रिकेट टीममध्ये, ऑकलंडला जी पहिली पुरुषांची आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी झाली तिच्यात तो होता. मला त्या ट्रायपेक्षा ती मधली बारा वर्षं भारी वाटतात. माझ्या सहा आठवड्यांत पाठ मोडली होती, या माणसाने बारा वर्षांनी बोलिंगचा रनअप परत आखला, ते पण रग्बीत इतकी वर्षं अंगाची चाळण करून घेतल्यावर.

नामिबियाचा रुडी व्हान व्ह्यूरेन त्याहून वेगळा. पेशाने डॉक्टर, आणि २००३ या एकाच वर्षात क्रिकेटचा वर्ल्ड कप पण खेळला आणि रग्बीचा पण. फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्ध ४३ रन देऊन ५ विकेट. आपल्या लोकांना ती पीटरमारित्झबर्गची मॅच आठवत असेल, सचिनने १५२ केले आणि गांगुलीने शतक, त्या दिवशी सचिनची विकेट यानेच काढली होती. त्यानंतर चारच दिवसांनी डॅरेन लेहमनने त्याच्या एका ओव्हरमध्ये २८ रन चोपले. आणि असं सगळं होऊन ऑक्टोबरमध्ये तो रग्बीच्या टीमबरोबर ऑस्ट्रेलियात. मी वहीत त्याचे महिने लिहून काढले होते, मार्च ते ऑक्टोबर, सात महिने. बोलरच्या शरीरातून रग्बीच्या शरीरात जायला सात महिने मिळाले तर काय काय करता येईल याचं मी चक्क वेळापत्रक केलं होतं.

जुन्या लोकांचं तर विचारूच नका. अँड्र्यू स्टॉडर्ट १८८७-८८ ला क्रिकेट टीमबरोबर ऑस्ट्रेलियात गेला आणि तो दौरा संपल्यावर तिथेच थांबून ब्रिटनहून आलेल्या रग्बी टीममधून खेळला, आणि त्या टीमचा कॅप्टन रॉबर्ट सेडन नदीत बुडून गेल्यावर कॅप्टन पण तोच झाला. पुढे इंग्लंडचं कॅप्टनपद त्याने दोन्ही खेळांत केलं. न्यूझीलंडचा एरिक टिंडिल दोन्हीच्या टेस्ट खेळला, क्रिकेटमध्ये विकेटकीपर, आणि नंतर रग्बी टेस्टचा रेफ्री आणि क्रिकेट टेस्टचा अंपायर पण झाला, ९९ वर्षं जगला. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियन अधिकृतपणे प्रोफेशनल झाली, त्यानंतर वरच्या पातळीवर हे जवळपास संपलं. वर्षाचा करार, अकरा महिने कॅम्प, जिमचं वजन ठरलेलं, मग मधले सहा आठवडे आणायचे कुठून. दोन्हीकडे गुणी असलेल्या कितीतरी पोरांना सोळा-सतराव्या वर्षीच निवडायला लावतात हे मला मनापासून पटत नाही, पण शरीराचा हिशोब बघितला की त्यांच्या कोचला पूर्ण चूक पण म्हणवत नाही.

डोक्याच्या बाजूने बघितलं तर मला रग्बी सोपी होती. सोपी म्हणजे, चूक झाली तर अर्ध्या मिनिटात दुसरं काहीतरी करायला मिळायचं. हातातून बॉल सुटून पुढे पडला, समोरच्यांना स्क्रम मिळाला, म्हणजे दोन्हीकडचे एकमेकांना ढकलत खेळ परत सुरू करणार आणि बॉल आत टाकणार ते, ठीके, पुढच्या टॅकलमध्ये जीव ओतायचा, विषय संपला. क्रिकेटमध्ये कॅच सुटला की फाईन लेगला उभं राहून तीस ओव्हर त्याच्याकडे बघत बसायचं, आणि ज्याचा सोडला तो समोर रन काढतोय. पहिल्या आठवड्यात ही शांतता सहन व्हायची नाही, शरीर कुठेतरी जाऊन धडकायला मागायचं, मग उगाच जोरात थ्रो, उगाच डाईव्ह. मी स्वतःला सवय लावली, प्रत्येक बॉलनंतर दहा पावलं चालायचं आणि परत जागेवर यायचं. बस. तेवढ्याने निभावायचं.

आता उलटा प्रवास, क्रिकेटमधून रग्बीत. याची मला कधी भीती वाटली नव्हती, कारण पाठीवर भार कमी होणार, बोलिंग बंद. आणि तिथेच घात झाला, दोनदा.

क्रिकेटमध्ये डाईव्ह मारताना काय करतो आपण? डोकं आणि डोळे बॉलकडे, हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब. कव्हरला डावीउजवीकडे झेप घेऊन चार वाचवायचे यात माझा मोठा अभिमान होता. चार पाच महिने तेच केलेलं असायचं. पंचविसाव्या वर्षी, रग्बी सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये, समोरचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा, माझ्या उजवीकडून बाहेरून निघाला, मला आणखी दोन पावलं पळून खांदा लावायला हवा होता, पण मी कव्हरसारखी झेप घेतली आणि नुसता हात लांब केला. तो पूर्ण वेगात, माझा हात त्याच्या पोटात अडकून मागे गेला, आणि खांदा निखळला. आवाज मला आतून ऐकू आला. पुढच्या बाजूचं लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या खोबणीची मऊ कड, फाटलं होतं, ऑपरेशन झालं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली, थ्रो कुठल्या हाताने करतोस. त्याच. मग त्यांनी समजावून सांगितलं की खांदा पुढे निसटू नये म्हणून पुढची बाजू घट्ट करायची आहे, टॅकलसाठी ते उत्तमच, पण थ्रो करताना हात मागे जितका वळायला लागतो त्यातला थोडा भाग कायमचा जाऊ शकतो. म्हणजे एक खेळ खांद्याला बंद राहा म्हणत होता आणि दुसरा उघड म्हणत होता, आणि खांदा एकच. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की दोन्ही होणार नाही. सहा महिन्यांनी टॅकल सुरू झाला. बोलिंग आठव्या महिन्यात, वेग थोडा कमी पण अ‍ॅक्शन शाबूत. थ्रो मात्र गेला. बाउंड्रीवरून सरळ कीपरच्या ग्लोव्हजमध्ये यायचा तो आता एक टप्पा घेऊन यायचा, मग मी स्लिपमध्ये गेलो. पंधरा वर्षं उंच कॅचवर नाव कमावलेल्या माणसाला स्लिपला उभं राहणं कसं वाटतं ते सांगता येत नाही, पण दोन सीझनमध्ये तिथेही हात बसला.

दुसरा घात सत्ताविसाव्या वर्षी. तोपर्यंत मी रग्बीचे सहा आठवडे पण वहीत बसवले होते. पहिले दोन आठवडे गुडघ्यावरून टॅकल, अगदी तेराव्या वर्षी करायचो तसं, मग चालत, मग बॅगवर, मग अर्ध्या वेगात, आणि रोज मानेचा व्यायाम, जोडीदाराने तळव्याने डोकं चारी बाजूंनी ढकलायचं आणि आपण हलू द्यायचं नाही. पाचव्या आठवड्यात पहिलं पूर्ण कॉन्टॅक्टचं सेशन. समोरचा खाली वाकून आत घुसला आणि माझं डोकं, पाच महिने बॉलमागे जाऊन जाऊन, त्याच्या पुढच्या बाजूला गेलं. त्याचा कमरेचा हाडाचा भाग माझ्या कानशिलावर. डोकं कुठंय? चुकीच्या बाजूला.

बेशुद्ध पडलो नाही, म्हणून मी खेळत राहायला बघत होतो, पण टीममधल्या एकाने माझ्या डोळ्यांकडे बघून मला हाताला धरून बाहेर नेलं. मी त्याला दोनदा एकच प्रश्न विचारला म्हणे. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का. याआधी एकविसाव्या वर्षी पण एकदा झालं होतं. मग ते टप्पे, आधी पूर्ण विश्रांती, मग हलकं चालणं-सायकल, मग पळणं, मग कॉन्टॅक्टशिवाय ट्रेनिंग, मग डॉक्टरांची परवानगी आणि त्यानंतरच कॉन्टॅक्ट, कुठल्याही टप्प्यावर डोकं दुखलं तर एक पायरी मागे. मी तीनदा मागे आलो. प्रकाश सहन व्हायचा नाही, वाचताना ओळी हलायच्या. क्रिकेटने कन्कशन सबस्टिट्यूट २०१९ मध्ये आणला, त्याच ऑगस्टमध्ये लॉर्ड्सला स्टीव्ह स्मिथच्या जागी लबुशेन आला, तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण डोक्याला मार कुठल्या खेळात लागला याने डोक्याला काही फरक पडत नाही हे मी भोगलं होतं. रग्बीत लागलेल्या माराने मी त्या वर्षी नेट्समध्ये साधा थ्रोडाऊन पण खेळू शकत नव्हतो, बॉल उशिरा दिसायचा.

अकरा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले खेळू शकतोस. मी गेलो पण. पहिल्या टॅकलच्या आधी पाय थबकले, अगदी क्षणभर, आणि मला कळलं की जो फुलबॅक टॅकलच्या आधी थबकतो तो स्वतःला पण मोडतो आणि टीमला पण. त्या संध्याकाळी सरांना, त्याच पीटीच्या सरांना, फोन केला. म्हणलं सर, थांबतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "क्रिकेट चालू ठेव, कॅच घेताना मला दिसशील." क्रिकेट पुढे सहा वर्षं खेळलो, स्लिपमध्ये.

गेल्या महिन्यात एक सतरा वर्षांचा मुलगा भेटायला आला. रग्बीत विंगर, क्रिकेटमध्ये फास्ट बोलर, रग्बीची शेवटची मॅच होऊन आठवडा झालेला आणि क्रिकेटचा कॅम्प पंधरा दिवसांवर. मी त्याला वही दिली. त्याने पहिलं पान उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "दादा, पहिल्या आठवड्यात फक्त साठ? कॅम्पला तर रोज तेवढे टाकायला लावतील."

म्हणलं, चल, तुझ्या कोचशी आपण दोघं जाऊन बोलू.